कोपऱ्यावरची जागा आणि शंभर पाणझाडं

मोइरांगच्या बाजारात शिरलं की डाव्या हाताला पहिला ओटा लागतो तो थाबातोनचा. दोन हात लांब, दीड हात रुंद, सिमेंटचा. बघायला गेलं तर त्यात काही नाही. पण तो कोपऱ्यावर आहे. इंफाळच्या बसमधून उतरलेलं गिऱ्हाईक पहिलं तिच्या टोपल्यांसमोर येतं, आणि पिशव्या भरून परत निघताना शेवटची नजरही तिथंच पडते. दुपारी ऊन कलतं तेव्हा आख्ख्या रांगेत सावली पहिली तिलाच मिळते. या कोपऱ्यावर डोळा नाही अशी बाई बाजारात शोधून सापडायची नाही.

ओटा थाबातोनला सासूकडून आला. सासूला तिच्या सासूकडून. आमच्या बाजारात बसतात त्या बायकाच, त्याही लग्न झालेल्या, आणि जागा जाते ती सुनेकडे. पुरुषांनी ओझी वाहावीत, होडी वल्हवावी आणि फार तर विडी ओढत लांब उभं राहावं. थाबातोनचा नवरा इबोहल ही तिन्ही कामं मन लावून करतो.

सदतीस वर्षांपूर्वी थाबातोन लग्न होऊन लोकताक तळ्यातल्या थांगा बेटावर आली तेव्हा तिला पाण्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. तिचं माहेर डोंगराच्या पायथ्याशी. तिथं एक ओढा आणि एक तळं, दोन्हींचं पाणी बर्फासारखं. त्या तळ्यात उगवायच्या चार भाज्या. सासू खोमदोनबीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "पाण्यातल्या भाज्या किती येतात ओळखायला?" थाबातोन अभिमानानं म्हणाली, "सगळ्या. चारही." घरात जी हसाहस झाली ती शेजारच्या बेटापर्यंत ऐकू गेली असेल. दुसऱ्या दिवशी सासूनं तिला थांगजिंग तोडायला पाठवलं. थांगजिंग म्हणजे मखाण्याचं झाड. थाळीएवढी पानं, आणि देठ, फळ, पानाची पाठ, सगळीकडे सुईसारखे काटे. नव्या नवरीनं मुळा उपटावा तसं ते दोन्ही हातांनी उपटलं. आठ दिवस इबोहलनं तिला भात भरवला. लग्नानंतर त्या दोघांची खरी ओळख झाली ती त्या आठ दिवसांत, असं तो अजून सांगतो आणि दर वेळी वल्ह्याचा मार खातो.

मग सासूनं तिला शिकवलं. डोळे मिटायला लावायची आणि तोंडात पान घालायची. कडसर, मागून कोथिंबिरीसारखा वास: कोमप्रेक. बुळबुळीत आणि गोड: नाळीचा कोंब. चावताना करकर, मग धागे: कमळकाकडी. तीन वर्षांनी थाबातोन डोळे मिटून बेचाळीस चवी सांगायला लागली तेव्हा सासू ओट्यावरून उठली आणि म्हणाली, "बस आता तू."

तर अशी ही थाबातोन. गेल्या मेरा महिन्यात, म्हणजे आश्विनात, तिनं हा कोपरा पैजेवर लावला.

पाऊस सरलेला होता, घराघरांपुढे उंच बांबूवर दिवे चढायला लागले होते. सकाळच्या बसमधून एक उंच, गोरी बाई उतरली. अंगात पुरुषी जाकीट, पायात गुडघ्याएवढे रबरी बूट, खांद्यावर बांबूची मोठी चौकट. ती सरळ थाबातोनच्या ओट्यापुढे आली, खाली बसली आणि कमळकाकडी उचलून ओरडली, "नदरू!"

"आमच्याकडे थांबौ," थाबातोन म्हणाली. "किलोनं की जुडीनं?"

बाई हसायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. थाबातोनची सून बिद्यारानी शेजारीच टोपल्या लावत होती. ती भूगोल घेऊन बी.ए. झालेली, हिंदी फडाफडा बोलणारी. तिच्या तोंडून कळलं की बाई काश्मीरची आहे, नाव मसर्रत, पाण्यातल्या झाडांची डॉक्टर आहे आणि तिच्या घरी नदरूशिवाय सण होत नाही.

"झाडांना डॉक्टर लागतो?" समोरच्या मासळीच्या रांगेतून आवाज आला. तो पिशाकचा. बाजारातल्या बायकांना आम्ही इमा, म्हणजे आई, म्हणतो. इमा पिशाक बोलते तेव्हा तिच्या टोपलीतले मासेसुद्धा तडफडायचे थांबतात. "मग या थाबातोनच्या शेवाळाला काहीतरी औषध दे बाई. माझी जाळी फाटतात त्यात अडकून."

"शेवाळ तुझ्या डोक्यात," थाबातोन म्हणाली. "ओजा, तुम्ही बोला." शिकलेल्या माणसाला आम्ही ओजा म्हणतो.

ओजा मसर्रत हिंदीत बोलायला लागली, बिद्यारानी आमच्या बोलीत सांगायला लागली आणि बाजार गोळा झाला. दोन वर्षं ती देशभर पाणी मोजत फिरत होती. लडाखच्या डोंगरात एक तळं, तिच्या गावाजवळचं एक, बिहारातलं एक, केरळातलं एक, आणि शेवटचं हे आमचं लोकताक. नियम सगळीकडे सारखा: एक दिवस, एक होडी, ठरलेलं तेवढंच पाणी, सोबत तिथलंच एक माणूस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत जेवढ्या जातींची पाणझाडं सापडतील तेवढी लिहायची.

"लडाखात सात," ती म्हणाली.

"सात टोपल्या?"

"सात जाती. तिथलं तळं हिवाळ्यात गोठतं. आमच्याकडेही कधी कधी इतकं गोठतं की पोरं वरून चालत जातात."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पाण्यावरून चालणारी पोरं! एकजण हळूच म्हणाली, "मग झाडं जातात कुठं, बिचारी?"

"जातच नाहीत, येतच नाहीत फारशी. आमच्या तळ्यात चव्वेचाळीस मिळाली. बिहारात त्रेसष्ट."

"आणि केरळात?" बिद्यारानीनं विचारलं. "तिथं बारा महिने ऊन. तिथं सगळ्यात जास्त असणार."

"मलाही तसंच वाटलं होतं. जितकं ऊन, जितकं दक्षिणेला, तितकी झाडं. जमिनीवर तसंच असतं ना. पण तिथं एकाहत्तर निघाली. खूपच आहेत, पण मला वाटली होती तेवढी नाहीत. आता माझ्या मनात येतंय की पाण्यातल्या झाडांचं गणितच निराळं असावं. फार थंड नको, बारा महिने एकसारखं उकाड्याचंही नको. मधलं पाणी. तुमचं."

"हॅ!" पिशाक म्हणाली. "आमच्यात कुठली एकाहत्तर? वीस निघाली तर माझं नाव बदला. नुसता कचरा आहे वर तरंगणारा."

सदतीस वर्षं ज्या पाण्यावर घर चाललं त्याला कुणी कचरा म्हणावं आणि तेही परक्या बाईसमोर? थाबातोनच्या तोंडून निघून गेलं, "शंभर!"

"काय शंभर?"

"शंभर जाती काढून दाखवते. एका दिवसात. आमच्याच पाण्यातून."

"नाही निघाल्या तर?"

"तर हा कोपरा पुढच्या मेरा महिन्यापर्यंत तुझा."

बिद्यारानीच्या हातातली जुडी खाली पडली. पिशाक सावकाश उठली, हात कमरेला गुंडाळलेल्या फानेकला पुसले आणि ओट्याची लांबी डोळ्यांनी मोजून घेतली. "आणि निघाल्या तर महिनाभर तुझी टोपली धक्क्यापासून इथपर्यंत माझ्या डोक्यावर. ऐकलंत गं सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. ओजा मसर्रत घाईघाईनं म्हणाली, "मी पैजेत नाही हं. मोजणी मात्र माझी. एकही जास्त नाही, एकही कमी नाही."

घरी इबोहलनं ऐकलं तेव्हा त्याची विडी विझली. "जागा काय तुझ्या बापाची आहे? माझ्या आईची आहे!"

"तुमच्या आईनंच बेचाळीस शिकवल्यात."

"बेचाळीस! शंभराला किती कमी पडतात?"

"अठ्ठावन्न," बिद्यारानीनं कोपऱ्यातून सांगितलं. तिचा चेहरा उतरला होता. सासूनंतर तो ओटा तिचा, बी.ए. झाल्यावरही इंफाळची दुकानातली नोकरी सोडून ती त्याच भरवशावर बेटावर राहिली होती. थाबातोननं तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा तिला शब्द परत घ्यावासा वाटला. पण ती थाबातोन होती. "उद्या वही तू धर," ती म्हणाली. "आणि पेन्सिली दोन घे."

उजाडताना होडी पाण्यात गेली. इबोहल मागे वल्ह्यावर, बिद्यारानी मध्ये वही घेऊन, पुढे ओजा मसर्रत तिच्या चौकटीसह, आणि अगदी टोकाला फानेक गुडघ्यापर्यंत खोचून थाबातोन. त्यांचं पाणी म्हणजे बेटाच्या पायथ्यापासून समोरच्या फुमदीपर्यंत. फुमदी म्हणजे गवत, मुळं, कुजका पाला यांची तरंगती जमीन. माणूस वर उभा राहिला की गादीसारखी खाली दबते, होडी ढकलली की सरकते. बाजूंची हद्द इबोहलच्या आजोबांनी रोवलेल्या बांबूंनी ठरलेली.

सुरुवात अशी झाली की बिद्यारानीला लिहिता लिहिता पुरे. "कोमप्रेक! लिही. एकाइथाबी, ही बघा ओजा, हात लावला की मिटते, पाण्यातली लाजाळू. लिही. नाळीची लाल, नाळीची पांढरी. लिही, लिही. शिंगाडा हिरवा, शिंगाडा लाल. थांबाल, थांबौ. थांगजिंगचा देठ, थांगजिंगचं फळ. ह्याची चटणी होते. ह्याची होत नाही, पण म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला बांधतात. लिही."

ऊन चढायच्या आत वहीत सेहेचाळीस झाले. इबोहल गाणं म्हणायला लागला. मग ओजा मसर्रतनं वही मागून घेतली, दोन-तीनदा वाचली आणि पेन्सिलीचं मागचं टोक ओठावर आपटत म्हणाली, "इमा, थांबाल आणि थांबौ एकच आहे ना?"

"एक कसं? थांबाल फूल. देवाला वाहतात. थांबौ चिखलातून निघतं, खातात."

"एकाच कमळाचे दोन भाग आहेत."

"भाव वेगळा, टोपली वेगळी, गिऱ्हाईक वेगळं!"

"झाड एक."

एक ओळ खोडली गेली. मग लाल-पांढरी नाळीची गेली एक. लाल-हिरवा शिंगाडा गेला. थांगजिंगचा देठ आणि फळ, ते तर तिनं स्वतःच कपाळावर हात मारून खोडायला सांगितलं. पाचव्या खोडीला मात्र ती हटून बसली. जंगली भाताचे जाड, पांढरे, मऊ कोंब बाजारात सोन्यासारखे विकले जातात; आणि जंगली भाताला दाणे येतात ते चिमण्या खातात. ज्याला कोंब धरतात त्याला दाणा येत नाही, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक. मग ती दोन झाडं नाहीत तर काय?

"त्याच झाडाला एक बुरशी लागते," ओजा म्हणाली. "ती लागली की दाणे येत नाहीत, खोड फुगतं. तुम्ही खाता ते फुगलेलं खोड."

"म्हणजे मी सदतीस वर्षं लोकांना आजारी झाड विकतेय?"

"फार चवदार आजारी झाड."

इबोहल इतका हसला की होडी हलली. पण आकडा एक्केचाळिसावर आला होता, आणि गाणं थांबलं होतं.

त्यानंतरचे अकरा मिळवताना घाम निघाला. थाबातोन फुमदीवर चढली, मांडीपर्यंत आत गेली, बाहेर आली. खोल पाण्यात उतरून तळाचं उपटून आणलं. सासूनं एकदाच दाखवलेली, फक्त बाळंतिणीला देतात ती भाजीसुद्धा एका कोपऱ्यात सापडली. दुपारी सूर्य डोक्यावर आला तेव्हा बावन्न. तिच्याजवळची नावं संपली. तिला माहीत असलेलं सगळं, सासूचं, शेजारणींचं, बाळंतपणाचं, दुखण्याचं, सगळं वहीत आलं होतं, आणि ते शंभराच्या निम्म्याला जेमतेम लागलं होतं.

फुमदीवर बसून त्यांनी डबा उघडला. भात, आंबवलेली मासळी घालून कुटलेला एरोंबा, वरून सकाळीच खुडलेलं कोमप्रेक. पलीकडे बांबूंच्या जवळून एक होडी संथपणे गेली. त्यात टोपल्यांमागे पिशाक बसली होती आणि हात हलवत होती.

"बसू दे कोपऱ्यावर," इबोहल पुटपुटला. "मासळीचा वास येईल त्या ओट्याला सात पिढ्या."

थाबातोननं घास तोंडात घातला आणि डाव्या हातानं सवयीनं कोमप्रेकमधून नको असलेल्या काड्या निवडून बाजूला टाकायला लागली. सकाळपासून ती हेच करत होती. प्रत्येक मूठ उपटली की हवं ते ठेवायचं, बाकीचं होडीच्या तळाशी. तिथं गुडघाभर ढीग साठला होता.

ओजा मसर्रतचा घास हातातच राहिला. "इमा, ते काय टाकताय?"

"हे? काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. गवत. खात नाही, औषधाला लागत नाही, ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत."

"त्याला नाव काय?"

"जे खात नाही त्याला नाव कशाला?"

ओजानं डबा खाली ठेवला. रबरी बुटांसकट ती होडीत उतरून तळाशी गुडघ्यांवर बसली आणि तो ढीग दोन्ही हातांनी उकलायला लागली, बाळंतविडा उघडावा तशी. आधी हळू, मग भराभर. एक तीन धारांची काडी निघाली. दुसरी गोल. "बोटांत फिरवून बघा. ही टोचते, ही फिरते. दोन." बिद्यारानीनं वही ओढली. एक नेचा. पाण्यावर मखमलीसारखा पसरणारा दुसरा नेचा, तांबूस. मोहरीहून बारीक हिरवे दाणे. थाबातोन त्यांना पाण्याची बुरशी समजायची. "झाड आहे, इमा. पूर्ण झाड. एवढंसंच असतं." आणि मग एक नाजूक, केसांसारखं, पिवळ्या फुलाचं. ओजानं ते उजेडासमोर धरलं. त्याच्या प्रत्येक केसाला खसखशीएवढ्या पिशव्या होत्या. "ह्या बघा. पाण्यातले किडे ह्यांत अडकतात. झाड ते पचवतं."

"झाड मांस खातं?" थाबातोनचे डोळे मोठे झाले. "आणि मी हे सदतीस वर्षं कचऱ्यात?"

"लिही, बिद्या, लिही!" आता ओरडत होता इबोहल. डबा टाकून तोही ढिगावर तुटून पडला होता. "हे बघा, हे रुंद पानाचं! नाही? घेतलं? बरं, हे केसाळ!"

थाबातोनचे हात मात्र सगळ्यांच्या पुढे पळायला लागले. सासूनं शिकवलेलं बोटांत होतंच. डोळे मिटून पान चोळायची, वास घ्यायची, जिभेला लावायची आणि म्हणायची, "हे आणि ते एक नाही. हे आंबट, ते तुरट." ओजा भिंगातून पाहायची आणि मान हलवायची. दोनदा भिंग चुकलं आणि जीभ बरोबर निघाली. "काही नाही"च्या त्या एका ढिगातून सव्वीस निघाली. अठ्ठ्याहत्तर!

केरळ मागे पडलं. ओजा मसर्रतनं वहीतल्या त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. पण थाबातोनला केरळाशी काय घेणं? तिला बावीस हवी होती, आणि सावल्या लांबायला लागल्या होत्या. आमच्याकडे मेरा महिन्यात चार वाजले की दिवस गाशा गुंडाळायला लागतो.

"ओजा, केरळात पाणी वर-खाली होतं का हो, आमच्यासारखं?"

"त्या तळ्यात फारसं नाही."

थाबातोन उठून उभी राहिली. तिची नजर बेटाच्या काठावर होती, जिथं पावसातलं पाणी उतरून ओल्या चिखलाची पट्टी उघडी पडली होती. "आमच्या बाजारात एका ओट्यावर दोघी बसतात ना," ती म्हणाली, "एक सकाळची, एक दुपारची. भांडण नको म्हणून पाळी लावलेली असते. पण सकाळचीचा माल संपलेला नसतो आणि दुपारची टोपली घेऊन आलेली असते, तेव्हा थोडा वेळ दोघीही ओट्यावर असतात. हा महिना तसा आहे. पावसातल्या अजून उठल्या नाहीत आणि थंडीतल्या येऊन बसल्यात. अहो, काठाला घ्या होडी! काठाला!"

ओजानं हे वाक्य नंतर बिद्यारानीकडून तीनदा सांगून घेतलं आणि जसंच्या तसं लिहून ठेवलं. त्या वेळी मात्र ती फक्त "चला!" म्हणाली.

चिखलात बोटभर, नखभर कोंब होते. कालपरवा उगवलेले. थाबातोननं आयुष्यात कधी वाकून पाहिले नव्हते, कारण भाजीला आले की मग बघायचं, अशीच आमची रीत. आता ती रांगत होती. मागे सून रांगत होती, वही दातांत धरून. त्र्याऐंशी. ब्याण्णव. एका गवतावरून ओजानं पाच मिनिटं घालवली आणि नाही म्हणाली. इबोहलनं तिला मनातल्या मनात काय म्हटलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. सत्त्याण्णव. होडी परत वळवताना वल्ह्यालाच गुंडाळून एक आलं. अठ्ठ्याण्णव. ओजाच्या बुटाला चिकटलेलं एक. नव्व्याण्णव!

आणि मग काहीच नाही.

सूर्य पश्चिमेच्या डोंगराला टेकला. त्यांनी बांबूंच्या कडेनं पाणी चाळून काढलं. जे हाताला येई ते वहीत होतं. नव्व्याण्णव. बिद्यारानी रडवेली झाली. थाबातोन कोरड्या आवाजात म्हणाली, "वर्षभराचाच प्रश्न आहे. मागच्या रांगेत बसू. गिऱ्हाईक ओळखीचं आहे." पण तिनं सुनेकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात पिशाकची होडी आली. शेजारीच येऊन लागली. "किती गं?"

"नव्व्याण्णव."

पिशाकच्या चेहऱ्यावरून आधी आश्चर्य गेलं आणि मग हसू आलं. "एवढी? अरे वा! पण शंभर नाहीत ना? उद्या ओटा धुऊन ठेव हं. मला शेवाळाचा वास चालत नाही."

ओजा मसर्रत तिच्याकडे पाहत नव्हती. ती टोपलीकडे पाहत होती. टोपलीत जिवंत खवलेमासे होते, आणि ते ताजे राहावेत म्हणून त्यांच्यावर ओल्या पाणगवताचा जाड थर दाबलेला होता. मासळीवाल्या सगळ्याच तसं करतात. ओजानं हात लांब करून त्यातली एक लांब, फितीसारखी दोरी ओढली. भिंग लावलं. फितीच्या काठाला बारीक करवतीसारखे दात होते.

"हे नाहीये आपल्या वहीत," ती हळूच म्हणाली.

बिद्यारानीनं सूर्याकडे बोट केलं. डोंगरावर अजून नखभर होता.

"पण हे कुठल्या पाण्यातलं?" ओजानं विचारलं. "तुमच्या हद्दीतलं असेल तरच."

सगळ्यांनी पिशाककडे पाहिलं. पिशाकनं डोंगराकडे पाहिलं. तिचं जाळं ओलं होतं, होडीत ठेवलेलं, आणि त्याच्या टोकाला आजोबांच्या बांबूची एक ताजी साल अडकलेली होती. ती बिद्यारानीनं आधी पाहिली.

"इमा पिशाक," ती गोड आवाजात म्हणाली, "इबुधौची शपथ घेऊन सांगा. आपण त्याच्याच पाण्यावर बसलोय."

इबुधौ म्हणजे आमचा आजोबा-देव, तळ्याचा मालक. त्याच्या पाण्यावर बसून खोटं बोललेल्या माणसाची होडी सरळ घरी जात नाही, हे पिशाकला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तिनं एकदा वल्ह्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. नाकपुड्या फुलल्या. शेवटी ती अशी ओरडली की फुमदीवरचे बगळे उडाले:

"तुझ्याच! तुझ्याच पाण्यातलं! दुपारी तुम्ही जेवत होता तेव्हा टाकलं जाळं पलीकडे! तुम्ही गवत वेचणार आणि एवढे मासे फुकट जाणार? मला बघवेना!"

"शंभर!" बिद्यारानीनं लिहिलं तेव्हा पेन्सिलीचं टोक तुटलं. दुसरी पेन्सिल होतीच. इबोहलनं वल्हं आकाशात फेकलं आणि ते झेलताना स्वतः पाण्यात पडला. ओजा मसर्रत थाबातोनच्या गळ्यात पडून काश्मिरीत काय काय बोलत होती. कुणाला अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. थाबातोन मात्र पिशाककडे बघत होती.

"चोरून मासे मारतेस माझ्या पाण्यात?"

"चोरून कुठं? हात हलवून गेले ना!"

मग दोघी हसायला लागल्या. दोघींच्या सासवाही अशाच समोरासमोर बसायच्या.

ओजा मसर्रत आणखी तीन दिवस राहिली. पानं त्या बांबूच्या चौकटीत कागदांमध्ये दाबताना दोन जाती एकच निघाल्या आणि चार नव्या वेगळ्या झाल्या, त्यामुळे शेवटचा आकडा एकशेतीन. पण बाजारात तो कुणी मानत नाही, बाजारात शंभरच. जाताना तिनं कमळकाकडीच्या दोन जुड्या नेल्या आणि पैसे द्यायला लागली तर थाबातोननं हातावर चापटी मारली. एकशेतीन झाडांची नावं लिहिलेला एक कागद बिद्यारानीजवळ आहे. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना आमच्या बोलीत नावच नव्हतं. ती सासू-सुना मिळून एकेक ठेवतायत. किडे खाणाऱ्या झाडाचं नाव "इमा पिशाक" ठरलंय, हे पिशाकला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर महिनाभर मोइरांगच्या लोकांना रोज सकाळी एक गंमत बघायला मिळाली. धक्क्यावरून पुढे इमा पिशाक, डोक्यावर थाबातोनची काठोकाठ भरलेली टोपली, आणि मागे रिकाम्या हातानं, पान चघळत, रमतगमत थाबातोन. बसमधली माणसं खिडक्यांतून माना काढायची.

"अगं, यात दगड भरलेस का आज?" पिशाक टोपलीखालून ओरडली.

"दगड कुठले," थाबातोन म्हणाली. "काही नाही आहे त्यात. सगळं काही-नाहीच भरलंय. सांभाळून ने, सांडू नकोस एकसुद्धा."